चावणारा फ्रिज

आमच्या घरात फ्रिज उघडायची एक पद्धत होती. आधी पायात चप्पल घालायची, डावा हात पाठीमागे न्यायचा आणि मग उजव्या हाताला नॅपकिन गुंडाळून दार ओढायचं. डावा हात मागे एवढ्यासाठी, की तो चुकून शेजारच्या नळाला लागू नये. वॉशिंग मशीनसमोर लाकडी पाट होता. सासूबाईंनी लग्नात दिलेला, पितळी फुलं ठोकलेला. त्यावर जेवायला कधी कोणी बसलं नाही, पण त्यावर उभं राहिल्याशिवाय मशीनमध्ये कपडे टाकायचे नाहीत असा दंडक होता. पाहुणे आले की बायको त्यांना बाथरूम दाखवायची आणि लगेच फ्रिज कसा उघडायचा ते करून दाखवायची. नाशिकहून आलेल्या माझ्या मेहुण्याने एकदा विचारलं, "सिल्वासात सगळीकडे असंच असतं का?" मी म्हणालो, "इकडे हवेत ओलावा फार." त्याला ते पटलं. त्या वेळी मलाही पटलं होतं.

आता मी पोटासाठी काय करतो ते सांगायलाच हवं, आणि सांगताना लाज वाटते. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. दर सोमवारी सकाळी हेल्मेट घालून दीडदोनशे माणसांसमोर उभा राहतो आणि विजेपासून जीव कसा वाचवायचा यावर बोलतो. माझं बोलणं चांगलं होतं असं लोक म्हणतात. एखाद्या हेल्परने मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या एवढं जरी सांगितलं, तरी मी ते मशीन तिथल्या तिथे बंद करतो, प्रॉडक्शन मॅनेजरच्या शिव्या खातो आणि तपास झाल्याशिवाय चालू करू देत नाही. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

बायकोने मात्र तीन वर्षांत किमान शंभर वेळा सांगितलं होतं की, "अहो, फ्रिज चावतो."

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कंपनीतून मीटर आणला होता. रविवारची दुपार होती, पोटभर जेवण झालं होतं, पायात सॅंडल होत्या. फ्रिजला हात लावून बघितला, काही नाही. मीटर लावला तर काहीतरी आकडा आला, पण अशा आकड्याला आमच्यात घोस्ट व्होल्टेज म्हणतात. म्हणजे दिसतं, पण त्यात दम नसतो. मी तिला तेच समजावून सांगितलं. ती म्हणाली, "भुताचं आहे, तर मग लिंबू-मिरची बांधू का?" मी रागावलो. त्यानंतर तिने बोलणं कमी केलं आणि चपला वाढवल्या. एक जोड स्वयंपाकघरात, एक बाथरूमच्या दाराशी, एक गॅलरीत.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ती माझा डबा भरत होती. एका हाताने नळाखाली टोमॅटो धूत होती आणि दुसऱ्या हाताने, सवयीने, फ्रिजचं दार ओढलं. घाईत चप्पल राहून गेली होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. आधी भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. आत गेलो तर ती ओट्याला टेकून खाली बसली होती. कोपर फुटलं होतं आणि ती आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी बघत होती. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती एवढंच म्हणाली, "उद्या मला काही झालं, तर तुमचा मीटर काय दाखवेल?"

मी घाबरलो. खरोखर घाबरलो. पण घाबरल्यावर माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. मला परमिट काढता येतं.

शनिवारी गावातल्याच आमली भागातल्या एका दुकानातून इलेक्ट्रिशियन आला. नंदुरबारकडचा, पन्नाशीचा, काटक माणूस. पंधरा-वीस वर्षं इकडे राहून त्याच्या खानदेशीत गुजराती आणि हिंदी मनसोक्त मिसळली होती. त्याच्याकडे एक पिशवी होती, पिशवीत पक्कड, टेपचं भेंडोळं आणि एक पेचकस. टेस्टर नव्हता. टेस्टर कुठे आहे असं विचारलं, तर त्याने उजव्या हाताची मागची बाजू दाखवली.

"हाऊच टेस्टर, साहेब. सेल लागत नही, खराब होत नही."

त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या आणि तो अनवाणी पायांनी सरळ फ्रिजकडे निघाला होता. मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, आधी मेन बंद. तो म्हणाला, मेन बंद केला तर करंट कुठे फिरतो ते कसं कळणार? चोर पकडायचा तर चोर घरात पाहिजे ना! त्याचं म्हणणं खरं तर बरोबर होतं. तपासणीच्या वेळी वीज चालू लागते, फक्त हाताऐवजी मीटर लागतो. मीटर माझ्या कपाटात होता. पण त्या घटकेला मी इतका नियमांवर आलो होतो, की मीटरची आठवणच झाली नाही. मी बॅगेतून परमिटचा छापील फॉर्म काढला.

कंपनीत विजेचं काम करायचं तर फॉर्म भरावा लागतो. काम काय, धोके कोणते, हातमोजे घातले का, त्या भागाचा प्रमुख कोण. डायनिंग टेबलावर बसून मी ते सगळं भरलं. भाग : स्वयंपाकघर. भागप्रमुख म्हणून बायकोची सही घेतली. दुखऱ्या हाताने तिने सही केली आणि विचारलं, "मी प्रमुख आहे हे मला आधी का नाही सांगितलं?" इलेक्ट्रिशियनने फॉर्म उलटापालटा करून बघितला.

"इतका कागद तर मना लगीनले बी नही लागना," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मग कुलूप. मेन स्विच खाली पाडायचा, त्याला लाल कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलपाला किल्ली एकच. दुसरी ठेवायची नाही, कारण दोन किल्ल्या असतील तर ते कुलूपच नव्हे, असं मी शिकवतो. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. मालक असो, मॅनेजर असो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला की नोकरी गेली. हे मी त्याला समजावलं. त्याने कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात मारून म्हणाला, "बराबर छे?" मी म्हटलं, बराबर छे. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं घर कंपनीच्या दर्जाचं झालं होतं.

आता घरात वीजच नव्हती. हाताची मागची बाजू काही कामाची राहिली नव्हती. त्याने दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि मग तीन वर्षांत मी जे केलं नव्हतं ते केलं. तो बायकोसमोर जमिनीवर बसला आणि विचारू लागला.

"ताई, कवा चावस तो?"

"सकाळी जास्त. साडेसहा ते सात. मग दिवसभर थोडा थोडा."

"कसा? मुंगी चावल्यासारखा का झटका?"

"दिवसभर मुंगी. सकाळी झटका. नळाला दुसरा हात असला तर खांद्यापर्यंत जातो."

"एकला फ्रिजच?"

"मशीनही. दोघं एकाच वेळेला. आणि," माझ्याकडे बघून ती म्हणाली, "गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालताना."

मी हसलो. खरंच हसलो. कुंडीला कुठून करंट येणार! इलेक्ट्रिशियन हसला नाही. त्याने माझ्या परमिटच्या पाठीमागे फ्रिज, मशीन, कुंडी असं लिहिलं आणि विचारलं, "सकाळी साडेसहाला घरात काय चालू राहस?"

"गिझर," ती म्हणाली.

तो उठला. गिझरचं झाकण उघडून आत डोकावला, जीभ चुटकन वाजवली आणि म्हणाला की आतली कॉइल फुटली आहे, आमलीतून नवी घेऊन अर्ध्या तासात येतो. आणि गेला. किल्ली खिशात होती. माझ्या नियमानुसार ती तिथेच असायला हवी होती.

अर्ध्या तासाचा एक तास झाला, तासाची दुपार झाली. फोन बंद. दुकानात चौकशी केली तर कळलं की खेरडीला कुणाच्या शेतातली मोटर जळाली म्हणून तिकडून माणूस बोलवायला आला आणि हा त्याच्या मोटरसायकलवर बसून गेला. भात ऐन भरात होता, पाणी थांबवून चालणार नव्हतं. दुकानदार म्हणाला, "आवी जशे, साहेब. वांधो नथी." कधी येईल ते काही तो सांगू शकला नाही.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ लोखंड कापायची हॅक्सॉ घेऊन आले. दोन मिनिटांचं काम आहे म्हणाले. मी त्यांना अडवलं. दुसऱ्याचं कुलूप तोडता येत नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "पण कुलूप तर तुमचंच आहे ना?" मी म्हटलं, कुलूप माझं आहे, पण लावलंय त्याने. ते म्हणाले, "घर?" मी म्हटलं, घरही माझंच. ते हॅक्सॉ घेऊन परत गेले. जाताना आमचं दूध आणि दही आपल्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन गेले. माणूस चांगला होता.

बायको म्हणाली, "मी फॉर्मवर प्रमुख आहे ना? मग मी परवानगी देते, तोडा." मी तिला समजावलं की भागप्रमुखालाही तो अधिकार नसतो. ती म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही सकाळी पहिल्यांदा बघितलंत. त्याच्या कुलपाची काय ती काळजी!" मी उकाड्यात बसून राहिलो आणि तत्त्वाला घट्ट धरून ठेवलं. तत्त्वाला पंखा लागत नाही, मला लागतो, एवढाच फरक.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज येत होता. मी दाराशी गेलो आणि तिथेच थांबलो. ती अनवाणी होती. वॉशिंग मशीनला पाठ टेकून, एक हात फ्रिजच्या दारावर पसरून, चहा पीत उभी होती. पाट भिंतीला लावून ठेवला होता. बंद फ्रिज तिने उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. आत काहीच नव्हतं. नुसतीच उघडून बघत होती. मग ओल्या हाताने नळ सोडला आणि दुसरा हात फ्रिजवर तसाच ठेवला.

मला बघून म्हणाली, "किती बरं वाटतं हो लाइट नसल्यावर!"

तिथे उभ्या उभ्या मला सगळं एकदम दिसलं. सकाळी साडेसहाला मी गिझर लावतो. सातला बंद करतो आणि मगच आंघोळीला जातो, कारण गिझर चालू ठेवून आंघोळ करू नये हा नियम आहे, आणि मी नियम पाळतो. त्या अर्ध्या तासात मी बाहेर पेपर वाचतो आणि ती आत माझा डबा भरते. माझं पाणी तापायचं आणि तिला झटके बसायचे. रोज. माझ्यापुरती सुरक्षितता मी चोख सांभाळली होती. मी मीटर लावला होता तो रविवारी दुपारी, गिझर थंड असताना. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता. तिला काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण तोंडातून निघालं ते असं, "चहा आहे का अजून?" तिने दिला.

त्या दिवशी ती घरभर अनवाणी फिरली. कपडे हाताने धुतले, घामाने निथळत होती, पण तक्रार नाही. मी मात्र त्या लाल कुलपाकडे बघत बसलो होतो. ते तोडावं असं आता मला मुळीच वाटत नव्हतं.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळचं माझं भाषण दुसऱ्या कुणीतरी दिलं. दहाच्या सुमारास इलेक्ट्रिशियन आला, हातात कॉइल आणि एका पिशवीत खेरडीची वांगी. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तुम्हीच सांगेल व्हतं ना साहेब, चावी कोणाले देऊ नको. दोन दिवस खिशातून काढली नही. झोपताना बी नही." मला त्याच्यावर ओरडता येईना. इतका आज्ञाधारक माणूस मला कंपनीतही मिळाला नव्हता.

कॉइल बाजूला ठेवून तो आधी गॅलरीत गेला. कुंडी कोपऱ्यात होती. मोगरा लावला होता तिच्यात, कधीचा वाळून गेलेला. तिने नवा लावला, तोही वाळला. माझ्या हाताला यश नाही, असं ती म्हणायची. इलेक्ट्रिशियनने बोटांनी माती उकरली. वर मिठाचा पांढरा थर होता. खालून एक हिरवी वायर निघाली. ती भिंतीच्या भोकातून आत जात होती, स्विचबोर्डात. आमच्या अख्ख्या घराचं अर्थिंग तिसऱ्या मजल्यावरच्या एका मातीच्या कुंडीत पुरलेलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उपकरणात कुठे करंट फुटला तर तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा, माणसातून जाऊ नये, अशी ती सोय असते. त्यासाठी जमिनीत खोल खड्डा करतात, मीठ-कोळसा भरतात आणि माती ओली राहावी म्हणून वरून पाणी घालतात. आमच्या कंपनीत त्या पाण्यासाठी एक माणूस नेमलेला आहे. माझ्या घरात गिझरचा करंट त्या वायरने कुंडीपर्यंत जायचा, पुढे वाट नाही म्हणून परत फिरायचा आणि फ्रिज, मशीन, जे सापडेल त्यात शिरून बसायचा. फ्रिज-मशीनची स्वतःचीही थोडी गळती असते, ती दिवसभराची मुंगी.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"घर घेतलं तेव्हा तो पहिला वायरमन आला होता ना, त्याने," बायको म्हणाली. "खाली खड्ड्याला जागा मिळत नाही, इथेच करून देतो म्हणाला. माती ती मातीच. रोज पाणी आणि दर शनिवारी मूठभर मीठ घाला, विसरू नका. मी एक दिवस विसरले नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

इलेक्ट्रिशियन कुंडीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "ताईने करंटले तीन वर्षं पानी पाजं."

पुढचे दोन दिवस खड्डा चालला. पार्किंगच्या मागे जागा होती. सेक्रेटरी आले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "खाडो तमारो, पण जग्या सोसायटीनी." मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत गेले, मग आवाज खाली आणून विचारलं, "एटले, फ्रिज चप्पल वगर खोलाय?" त्यांच्याकडेही तीच पद्धत होती. खालच्या मजल्यावरही. वरच्या मजल्यावर तर फ्रिजसमोर कायमची रबरी चटई होती. सगळी बिल्डिंग चप्पल घालून फ्रिज उघडत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की फ्रिज असाच उघडायचा असतो. संध्याकाळपर्यंत खड्डा सोसायटीचा झाला.

बुधवारी दुपारी काम संपलं. खाली पाइप पुरला, तीन मजले वायर चढवली, गिझरला नवी कॉइल बसवली, मेनजवळ करंट गळला की आपोआप वीज तोडणारा ईएलसीबी लावला. त्याचं बटण मी स्वतः दाबून बघितलं, फटकन वीज गेली. पुन्हा चालू केली. मीटर लावला. चालू गिझर, चालू फ्रिज, चालू मशीन, सगळं शून्य. तो शून्य बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

"ये," मी बायकोला म्हणालो, "लाव आता हात. चप्पल काढ."

ती दारातच उभी राहिली. "तुम्ही लावा आधी."

मी सॅंडल काढल्या. या स्वयंपाकघराची फरशी माझ्या तळव्यांना त्या दिवशी पहिल्यांदा लागली. मीटरवर शून्य होता, वायर माझ्यादेखत टाकली होती, तरी हात पुढे जाईना. शेवटी डोळे मिटून हात ठेवला. थंडगार पत्रा, बाकी काही नाही. दुसऱ्या हाताने नळ धरला. काही नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "काहीसुद्धा लागत नाही गं."

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. रागाने नाही, टोमणाही नव्हता. "हे तर तुम्ही तीन वर्षं म्हणताय," ती म्हणाली, आणि बाहेरच्या दाराकडे वळून तिने हाक मारली, "दादा, जरा आत येता का? तुम्ही हात लावून बघा हो एकदा."

इलेक्ट्रिशियन आत आला. माझ्या हाताशेजारी त्याने आपल्या हाताची मागची बाजू टेकवली, क्षणभर ठेवली. "काही नही, ताई," तो म्हणाला.

तिने चप्पल काढली आणि फ्रिज उघडला.